‘चांगली’ सोडून काहीही

शाळेत त्यांना सगळे ‘अजून सर’ म्हणत. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती, पण पाठ वळली की वर्गातून, मैदानातून, फाटकाशी उभ्या असलेल्या पालकांच्या घोळक्यातून हेच नाव ऐकू येई. सरांचे कान तिखट असल्यामुळे त्यांना ते पहिल्या वर्षापासून माहीत होतं. नाव पडायचं कारण अगदी सरळ होतं. तिसरीच्या वर्गात एखाद्या पोराने उभं राहून वाक्य सांगितलं की सर डोळे बारीक करत, मान जराशी पुढे काढत आणि एवढंच विचारत, “अजून?” पोरगं म्हणे, “मी कुत्रा पाहिला.” “अजून?” “काळा कुत्रा पाहिला.” “अजून?” असं करत करत शेवटी तो कुत्रा चपलांच्या दुकानाबाहेर, एक चप्पल पोटाखाली दडवून, दुकानदार आत सगळीकडे शोधत असताना अगदी साळसूदपणे बसलेला असे. तेव्हा कुठे सर पोराला खाली बसू देत.

यासाठी त्यांनी एक पद्धतच बसवली होती. वर्गात एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत दोरी बांधलेली होती आणि तिला कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी पाच पुठ्ठे टांगलेले होते: कोण, कुठे, कधी, कसं, का. बाकांच्या प्रत्येक रांगेला एकेक प्रश्न वाटून दिलेला. एकाने छोटंसं वाक्य सांगायचं आणि बाकीच्या रांगांनी प्रश्न विचारून विचारून त्याला भंडावून सोडायचं. उत्तर आलं की सर ते फळ्यावरच्या वाक्यात घुसवत. ‘कधी’ची रांग खिडकीशी होती आणि तिथली पोरं बहुतेक वेळ बाहेर बघत असत, त्यामुळे बरीचशी वाक्यं ‘कधी’वाचूनच संपत. सरांच्याही ते फारसं लक्षात येत नसे.

टेबलावर बिस्किटांचा एक रिकामा पत्र्याचा डबा होता. तो तुरुंग. छान, मस्त, सुंदर आणि चांगला हे चार कैदी. वाक्यात यांपैकी कुणी सापडला की पोराने स्वतःच्या हाताने त्याची चिठ्ठी लिहून डब्यात टाकायची आणि त्याच्या जागी डोळ्यांनी पाहिलेलं काहीतरी आणायचं. ‘चांगला’ तर इतक्या वेळा आत गेला होता की झाकण लागेना.

सरांना या सगळ्याचा अभिमान किती म्हणाल, तर विचारू नका. इतर शाळांतले शिक्षक बघायला येत, तेव्हा सर हात मागे बांधून त्यांना भिंतीवरची वाक्यं दाखवत फिरत आणि शेवटी दोरीखाली उभं राहून ठरलेलं भाषण करत. “तपशील म्हणजे दुसरं तिसरं काही नाही, लक्ष आहे लक्ष. ज्याच्याकडे आपण कधी नीट पाहिलेलंच नसतं, त्याला आपण ‘चांगला’ म्हणून मोकळे होतो.” पाहुणे हे वाक्य लिहून घेत. सर ते लिहून होईपर्यंत थांबत आणि कुणाचं राहिलं असेल तर पुन्हा सांगत.

या लक्ष देण्याचा त्रासही झाला. एका पोराने लिहिलं की त्याचे बाबा संध्याकाळी आरशासमोर पोट आत ओढून उभे राहतात आणि आईची चाहूल लागली की ते सोडून देतात. दुसऱ्या दिवशी बाबा भांडायला आले, तेही पोट आत ओढूनच. एका मुलीने लिहिलं की आजी फोनवर आत्याशी बोलताना आवाज बारीक करते आणि तेव्हा आई नळ बंद करून ऐकते. त्या घरात पुढे आठवडाभर काय झालं ते मुलीने आणखी तपशिलाने लिहिलं. शेवटी मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, सरांना बोलावून घेतलं. “अहो सर, तुमच्या वर्गापायी कुणाच्या घराला पडदा म्हणून राहिला नाही. जरा आवरा.” सर गंभीर चेहऱ्याने हो म्हणाले आणि बाहेर येऊन मनातल्या मनात नाचले.

एकाच घरातला तपशील मात्र कधी फळ्यावर आला नव्हता. सरांच्या.

शाळेत दिवसभर वाक्यं वाटून वाटून घरी पोचेपर्यंत सरांकडे काही शिल्लकच राहत नसे. घरी त्यांचं काम ‘हं’, ‘बघू’ आणि ‘करू’ एवढ्यावर भागत असे. बायको हॉस्पिटलमध्ये रक्त तपासणीच्या विभागात होती, लोकांच्या हातातून रक्त काढायची. ती संध्याकाळी घरी आली की दिवसभरातलं काही ना काही सांगे आणि सर वर्तमानपत्रामागून ‘हं’ म्हणत. तो ‘हं’ योग्य जागी पडावा याची मात्र ते काळजी घेत. इतक्या वर्षांच्या सरावाने त्यांना न ऐकताही ती जागा कळायची, आणि ही आपली एक कलाच आहे असं त्यांना खरोखर वाटायचं.

दोनेक वर्षांपूर्वी सर तिच्या चष्म्यावर बसले होते. चष्मा खुर्चीत होता, सर वर्तमानपत्र वाचत मागे मागे आले आणि बसले. उजवी काडी मोडली. तिने कोपऱ्यावरच्या दुकानातून तात्पुरती एक काडी बसवून आणली. तशीच काडी मिळाली नाही, म्हणून डावी काळी आणि उजवी तपकिरी. “नवीन करून देतो,” सर लगेच म्हणाले होते. “कधी?” “बघू.” यावर तिने उजव्या कानामागे बोट घालून चोळलं आणि ती स्वयंपाकघरात गेली. तेव्हापासून तिला ती सवयच लागली. बोलता बोलता, भाजी चिरता चिरता, टीव्ही बघता बघता तिचं बोट कानामागे जाई. सरांनी ते पाहिलं होतं. आपल्यावरचा राग ती अशा रीतीने गिळते, असा त्यांनी त्याचा अर्थ लावून ठेवला होता आणि म्हणून तो विषयच ते काढत नसत.

“त्या पाच पुठ्ठ्यांतला ‘कधी’ तेवढा घरी आणून टांगा,” ती एकदा म्हणाली होती. सर हसले होते. विनोद बरा होता.

अशातच तिच्या निवृत्तीचा दिवस जवळ आला. त्या हॉस्पिटलात एक रीत होती. कुणी निवृत्त झालं की निरोपाच्या कार्यक्रमात आधी साहेब लोक बोलत आणि सगळ्यात शेवटी घरच्या माणसाने उठून चार शब्द सांगायचे. क्ष-किरण विभागातले गृहस्थ निवृत्त झाले तेव्हा त्यांची बायको उठली होती आणि लोक पोट धरधरून हसले होते. तो माणूस शेवटी रुमालात तोंड खुपसून रडला होता. हे सगळं सरांना बायकोने सांगितलं होतं, असं आता तिच्याकडूनच त्यांना कळलं.

“या वेळी तुम्ही बोलायचंय,” ती म्हणाली.

“मी?”

“नाहीतर काय शेजाऱ्यांना पाठवू?” चहाचा कप त्यांच्यापुढे ठेवून ती समोर बसली. “एकच अट. ‘माझी बायको चांगली आहे’ एवढं सोडून काहीही बोला. ‘चांगली’ हा शब्द तोंडातून निघाला ना, तर केक न कापता उठून घरी येईन. सगळ्यांदेखत.”

सर हसले. ती हसली नाही.

“खरंच सांगते, अहो. लोक माझ्याकडे बघत नाहीत. सुई बघतात, नाहीतर छताकडे बघतात. सगळी नोकरी अशी गेली. त्याचं मला काही नाही, कामच तसं आहे. पण जाताना एकदा ऐकायचंय की मला कुणीतरी पाहिलंय. तुम्ही तर पोरांना तेच शिकवता.” आणि तिचं बोट कानामागे गेलं.

“हात्तिच्या!” सर म्हणाले. “हे तर माझं रोजचं काम.”

त्या संध्याकाळी ते कागद घेऊन बसले. वर लिहिलं, ‘माझी पत्नी अतिशय कष्टाळू, प्रेमळ आणि’. इथे त्यांना आपला डबा आठवला आणि त्यांनी ते खोडलं. मग त्यांनी स्वतःच्या पाच प्रश्नांना हात घातला. कोण? बायको. हे जमलं. कुठे? हॉस्पिटलमध्ये. हॉस्पिटलमध्ये कुठे? कितव्या मजल्यावर? खोली कशी आहे? सरांनी डोकं खाजवलं. ते फक्त फाटकापर्यंत गेले होते, तिला सोडायला आणि आणायला. आत पाऊल न टाकण्याचं कारण असं की सरांना रक्त बघवत नाही. बघायचं सोडा, ऐकवतही नाही. लग्न ठरण्याआधीच्या पहिल्या भेटीत त्यांनी विचारलं होतं, “तुम्ही काय काम करता?” आणि उत्तर ऐकून त्यांना खुर्चीचा हात धरावा लागला होता. तिने तेव्हा पाणी आणून दिलं होतं. लग्न बहुधा त्या पाण्यामुळेच झालं असावं.

कसं? ती रक्त कसं काढते? देव जाणे. का? पगार मिळतो म्हणून, असं लिहून सरांनी तेही खोडलं. तासाभराने कागदावर एकही धड वाक्य नव्हतं. तिसरीतल्या पोराने असा कागद दिला असता तर सरांनी त्याच्या पालकांना बोलावून घेतलं असतं.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी निरीक्षण सुरू केलं. ती दात घासत असताना ते न्हाणीघराच्या दारात जाऊन उभे राहिले. “काय झालं? तोंडाला काही लागलंय का माझ्या?” तिने फेसातून विचारलं. सरांनी मनात टिपलं, ती दात घासते. ती कपड्यांच्या घड्या घालत होती तेव्हा ते पलंगाच्या कडेवर बसून टक लावून बघत राहिले, तर तिने “बघताय काय नुसते, धरा दुसरं टोक” म्हणून चादर त्यांच्या हातात दिली. शेवटी त्यांनी दुसऱ्या शहरात राहणाऱ्या आपल्या लेकीला गुपचूप फोन लावला. “अगं, तुझ्या आईबद्दल जरा काहीतरी सांग ना. बारीकसारीक.”

“बाबा, तुम्ही कॉपी करताय?” लेकीने विचारलं.

“छे छे! संदर्भ गोळा करतोय.”

“वर्गात हेच कुणी सांगितलं तर काय करता तुम्ही?” असं विचारून ती इतकी हसली की सरांनी फोन ठेवला.

कार्यक्रमाला थोडेच दिवस उरले आणि सरांची झोप उडाली. त्यांना सभेत बोलायची भीती नव्हती, त्यांची टकळी सुरू झाली की ती थांबवायला माणूस लागे. भीती निराळीच होती. बायकोने आजवर त्यांच्याकडे फारसं काही मागितलं नव्हतं. मागितलं ते एक वाक्य, आणि तेच एक नेमकं त्यांच्या दुकानात नव्हतं.

मग ती सकाळ आली. वर्गात एक चणीने अगदी लहान मुलगी होती, सगळे तिला ठिपका म्हणत. तापामुळे ती शाळेत आली नव्हती. त्या दिवशी परत आली ती दंडाखाली कापसाचा बोळा चिकटपट्टीने लावून, आणि हात असा पुढे धरून, की कुणाचं लक्ष नाही असं होऊ नये. वाक्य सांगायला तीच पहिली उठली.

“बाईंनी माझं रक्त काढलं.”

सरांनी टेबलाची कड धरली. पण नियम म्हणजे नियम. त्यांनी वाक्य फळ्यावर लिहिलं, ‘रक्त’ हा शब्द जरा लहान अक्षरात, आणि रांगांकडे हात केला.

“कुठे?” एक रांग ओरडली.

“हॉस्पिटलमध्ये, जिन्याखालच्या खोलीत. तिथे खिडकीत एका बाटलीत हिरवा वेल लावलाय आणि तो पडद्याच्या दांडीपर्यंत गेलाय.”

“कसं?” दुसरी रांग.

“आधी त्यांनी आपले दोन्ही हात एकमेकांवर खूप चोळले, अगदी आवाज येईपर्यंत. मग माझा हात धरला.”

“का?”

“कारण गार हात लागला की मुलं दचकतात आणि मग सुई जास्त दुखते. त्यांनीच सांगितलं.”

सर भराभर लिहीत होते. रक्ताचा विसर पडला होता. वाक्य फळ्याच्या मध्यापर्यंत आलं होतं आणि त्यात एकही कैदी नव्हता. “वा! अजून?” ते म्हणाले.

“मग त्यांनी विचारलं, तुझी शाळा कुठली, तुझ्या वर्गात सगळ्यात जास्त कोण बोलतं. मी विचार करून सांगितलं, तोपर्यंत झालंसुद्धा. मला कळलंच नाही.”

“काय सांगितलंस?”

“मी सांगितलं, सर.”

वर्ग खो खो हसला. सरही हसले, मोठ्या मनाने. “मग? काय म्हणाल्या त्या?”

“त्या हसल्या. म्हणाल्या, भाग्यवान आहात गं तुम्ही पोरं.”

सरांनी तेही लिहिलं, आणि तरीही त्यांच्या डोक्यात उजेड पडला नाही, हे इथे सांगून ठेवायला हवं. पुढे शिक्षकांच्या खोलीत ही गोष्ट ते स्वतःच सांगत, तेव्हा इथे थांबून कपाळावर हात मारून घेत. त्या क्षणी मात्र ते मान पुढे काढून म्हणाले, “आता त्या बाई आम्हाला दिसू देत. चांगल्या होत्या म्हणायचं नाही.”

ठिपकाने डोळे मिटून आठवलं. “त्यांच्या चष्म्याची एक काडी काळी होती आणि एक तपकिरी.”

खडू फळ्यावर होता तो तिथेच मोडला. सर फळ्याकडे तोंड करून उभे राहिले. वर्गाला वाटलं, सरांना पुढचा शब्द सुचत नाहीये. जिन्याखालची खोली. हिरवा वेल. हात चोळल्याचा आवाज. एका तापलेल्या पोरीने पाच मिनिटांत जे पाहिलं होतं, ते आपण सगळ्या संसारात पाहिलं नाही, याची त्यांना इतकी लाज वाटली की कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

“सर,” खिडकीशी बसलेला एक मुलगा म्हणाला, “कधी राहिलं.”

“परवा सकाळी,” ठिपका म्हणाली. सरांनी ते लिहिलं. अक्षर वाकडं आलं.

आता इथे एखाद्या सज्जन माणसाने काय केलं असतं? घरी जाऊन बायकोपुढे कबूल केलं असतं. ‘अजून सरां’नी काय केलं? मधल्या सुट्टीत वर्ग रिकामा झाल्यावर त्यांनी दार लोटून घेतलं आणि ते वाक्य फळ्यावरून एका कागदावर उतरवून घेतलं. ‘माझा हात’ खोडून ‘मुलांचा हात’ केलं, सरांचा उल्लेख गाळला आणि कागद खिशात घातला. दुसऱ्याचं वाक्य उतरवलं म्हणून त्यांनी किती पोरांना फळ्यापाशी उभं केलं असेल याची गणतीच नाही. पण चोरी इतकी सोयीची असते हे त्यांना आजवर कुणी सांगितलं नव्हतं. ते शीळ घालत खाली उतरले.

संध्याकाळी तिने चहा दिला तेव्हा त्यांनी तिच्या हातांकडे पाहिलं. विचारावंसं फार वाटलं. “हॉस्पिटलात…” त्यांनी सुरुवात केली.

“काय?”

“काही नाही. हं.”

कार्यक्रम हॉस्पिटलच्या जेवणघरात होता. टेबलं भिंतीला लावून खुर्च्यांच्या रांगा मांडल्या होत्या, समोर एका टेबलावर केक आणि त्याच्या शेजारी सुरी. बायको पहिल्या रांगेत बसली होती. पांढरा कोट नसताना ती इथे कुणाची तरी पाहुणी वाटत होती. मोठे डॉक्टर बोलले, सेवा आणि निष्ठा आणि संस्थेचा आधारस्तंभ असं सगळं म्हणाले, आणि सरांनी सवयीने मनातल्या मनात एकेक शब्द डब्यात टाकला. दोघी परिचारिका बोलल्या. मग सरांचं नाव पुकारलं गेलं.

सर ऐटीत उठले. ऐटीत पुढे गेले. खिशातून कागद काढला, तो उलगडला आणि दुसऱ्या खिशात हात घातला. मग शर्टाच्या खिशात. मग पुन्हा पहिल्या. वाचायचा चष्मा शाळेत राहिला होता, त्या पत्र्याच्या डब्यावर. सरांना तो तिथे ठेवलेला अगदी स्वच्छ दिसत होता. कागदावरचं मात्र काही दिसत नव्हतं. त्यांनी कागद लांब धरला. मागून कुणीतरी दबक्या आवाजात हसलं. पाठांतर करावं असं काही त्यांनी केलं नव्हतं, चोरीच्या मालाचं पाठांतर कोण करतो? त्यांच्या तोंडात एकच शब्द येऊन बसला. तोच. डब्यातला.

“माझी बायको…” ते म्हणाले.

पहिल्या रांगेत ती ताठ झाली. मग तिने आपला चष्मा काढला आणि हात लांब करून त्यांच्यापुढे धरला. “घ्या,” ती हळूच म्हणाली.

सरांनी तो घातला. अक्षरं आधीपेक्षाही पसरली, नंबरच निराळा होता. पण दुसऱ्याच क्षणी त्यांना अक्षरांचा विसर पडला, कारण त्यांच्या उजव्या कानामागे काहीतरी कचकन रुतलं. ती तपकिरी काडी आखूड होती. तिचं टोक हाडावर दाबत होतं. सरांनी हात लावून पाहिलं. टोकावर हॉस्पिटलातली चिकटपट्टी गुंडाळलेली होती आणि तीही झिजून आतलं लोखंड उघडं पडलं होतं. आपोआप त्यांचं बोट कानामागे गेलं आणि ते तिथे चोळू लागले.

त्यांनी समोर पाहिलं. चष्म्यावाचून बसलेली ती, एका बोटाने उजव्या कानामागे चोळत होती.

राग नव्हता तो. कधीच नव्हता. दुखत होतं तिला.

सरांनी कागदाची घडी घातली.

“हा कागद माझा नाही,” ते म्हणाले. “माझ्या वर्गातल्या एका पोरीने हिला एकदाच पाहिलं, त्याचं हे वाक्य आहे. मी ते चोरलं होतं. मी मुलांना वाक्यं शिकवतो आणि हिच्याबद्दल माझ्याकडे एकही नव्हतं. आता एक आहे. आत्ताच मिळालंय.” त्यांनी श्वास घेतला. “ही बाई, जिच्या चष्म्यावर मी बसलो आणि जिला नवीन करून देतो म्हणालो आणि जिचा ‘कधी?’ मी दोन वर्षं ‘बघू’ म्हणून उडवून लावला, ती बाई कानामागे रुतणारी ही काडी घालून रोज सकाळी तुमच्या जिन्याखालच्या खोलीत येऊन बसते, आणि समोरच्या अनोळखी पोराला दुखू नये म्हणून आधी आपले हात चोळून गरम करते.”

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. लोक वळून तिच्याकडे बघत होते, सगळे, तिच्या तोंडाकडे. तिचे डोळे भरले होते आणि ते पुसायची तिने काही घाई केली नाही.

“कधी?” तिने विचारलं.

“काय कधी?” सर गडबडले.

“नवीन करून कधी देणार?”

जेवणघर हसलं. सर हसले नाहीत. “उद्या,” ते म्हणाले.

तिने डोळे बारीक केले आणि मान जराशी पुढे काढली. “अजून?”

“उद्या सकाळी. शाळेला अर्धी रजा टाकून. तुला बरोबर घेऊन, कोपऱ्यावरच्या नव्हे, मोठ्या रस्त्यावरच्या दुकानात. दोन्ही काड्या एका रंगाच्या. तू म्हणशील त्या रंगाच्या.” सर थांबले. बोलता बोलता त्यांच्या लक्षात आलं की तिला कुठला रंग आवडतो हेही आपल्याला ठाऊक नाही, आणि त्यांनी तेही सांगून टाकलं. मग ते पुढे सांगतच राहिले. वर्तमानपत्र, ‘हं’ची जागा, पहिल्या भेटीतलं पाणी.

एक परिचारिका हलकेच पुढे आली आणि तिच्या हातात सुरी देऊन कानाशी लागली, “ताई, केक कापायचा ना?”

“थांब गं जरा,” ती म्हणाली आणि तिने सुरी मांडीवर ठेवली. “त्यांचं वाक्य संपू दे.”